सीएनसीवर इलेक्ट्रिक गिटार: बडोद्यात बसून पहिली गिटार कशी बनवायची

नवीन माणूस गिटार बनवायला घेतो तेव्हा पहिलं काय करतो, तर लाकूड आणतो. मग नेटवरून कुठलंतरी डिझाइन उतरवतो, ते कापून घेतो, आणि ब्रिज (बॉडीवर तारा टेकतात तो भाग), पिकअप (तारांचं कंपन विजेत बदलणारा), ट्यूनर (तारा ताणायच्या खुंट्या) सगळ्यात शेवटी मागवतो, आणि मग कळतं की ब्रिजचे स्क्रू भलतीकडे येतायत, पिकअप खड्ड्यात बसत नाही, व्हॉल्यूमची दांडी लाकडातून वरच येत नाही. सीएनसी, म्हणजे कॉम्प्युटरच्या आज्ञेवर कटर फिरवणारं मशीन, स्वतःची अक्कल चालवत नाही, रेखाटलंय तेच कापतं, ड्रॉइंगमध्ये अर्ध्या मिमीची चूक असेल तर तीसुद्धा इमानदारीत कापून देतं. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार. म्हणून खालचा क्रम मुद्दाम असा ठेवलाय: आधी सामान, मग मोजमाप, मग ड्रॉइंग, आणि मशीन त्याच्यानंतर.

हे सगळं घरात सीएनसी नसलेल्या माणसासाठी आहे. सुतारकाम थोडंफार यायला हवं, सोल्डरिंग आलं तर उत्तम, नसेल तर शिकता येतं.

काय काय लागेल

सामान: ब्रिज, ट्यूनरचा सहाचा सेट, पिकअप, पॉट (व्हॉल्यूम-टोनचं बटण ज्यावर फिरतं तो भाग), स्विच, जॅक, कॅपॅसिटर, नेक (गिटारची मान) जोडायची पट्टी आणि चार स्क्रू, पट्ट्याचे हुक, तारा.

हत्यारं: डिजिटल कॅलिपर, लांब स्टीलची पट्टी, गुण्या, चार-सहा क्लॅम्प, ड्रिल, पटाशी, कानस, पॉलिश पेपर, ४० वॅटची सोल्डरिंग गन, आणि धुळीसाठी चांगला मास्क. कापडी मास्क चालत नाही, शिसवाच्या धुळीने तर बऱ्याच लोकांना खाज आणि शिंका सुरू होतात.

कॅलिपरमध्ये पैसे वाचवू नका. बाकी सगळं शेजारच्या मिस्त्रीकडून मागून आणता येतं.

१. डिझाइन कुठलं घ्यायचं

पहिल्या गिटारला टेलिकास्टरच्या जातीचं काहीतरी घ्या, म्हणजे सपाट फळी, वर कोरीवकाम नाही, नेक चार स्क्रूंनी जोडलेला, ट्रेमोलो (सूर हलवणारा हलता ब्रिज) नाही. फेंडरने ही गिटार १९५० च्या सुमाराला काढली, आधी नाव वेगळं होतं, टेलिकास्टर हे नाव १९५१ मध्ये आलं. लिओ फेंडर मूळचा रेडिओ दुरुस्त करणारा माणूस, त्याला स्वतःला गिटार वाजवता येत नव्हती, आणि त्याने डिझाइनच असं केलं की कारखान्यात साच्यावर राउटर फिरवून बॉडी निघावी आणि नेक खराब झाला तर स्क्रू काढून दुसरा लावावा. म्हणजे राउटरसाठीच जन्मलेली गिटार आहे ही, आपण फक्त राउटर हातात धरण्याऐवजी मशीनवर फिरवतोय.

लेस पॉलसारखी फुगीर वरची बाजू, चिकटवलेला नेक, बाइंडिंग वगैरे दुसऱ्या-तिसऱ्या गिटारला. आणि तेव्हा नेकही स्वतः केलात तर हेडस्टॉकचा (नेकचं ट्यूनर बसतात ते टोक) आकार स्वतःचा काढा, कंपन्यांचे आकार ट्रेडमार्क असतात, पुढे कधी विकायची म्हटली तर डोक्याला ताप नको.

२. नेक विकत घ्या

हे ऐकून काही जणांना राग येईल. सगळंच स्वतः करायचं असतं ना. पण पहिल्या वेळेला बॉडी स्वतःची आणि नेक तयार असं करा, कारण बॉडीत एक मिमी इकडेतिकडे झालं तर बहुतेक वेळा निभावून जातं, नेकमध्ये फ्रेटची (नेकवरची आडवी धातूची पट्टी) खाच पाव मिमी सरकली तर ती गिटार कायम बेसूर वाजणार. फ्रेटच्या खाचा साधारण ०.६ मिमी रुंद असतात, तेवढा बारीक कटर सीएनसीवाल्याकडे असतोच असं नाही आणि असला तरी शिसवासारख्या कडक लाकडात पटकन तुटतो. त्यात ट्रस रॉडची (नेक सरळ ठेवणारी आतली सळई) खाच, फिंगरबोर्डचा (फ्रेट बसतात ती वरची फळी) गोलवा, मागचा आकार, फ्रेट ठोकणं, एकसारखे करणं, हा सगळा स्वतंत्र अभ्यास आहे.

तरी हिशोब माहीत असू द्या, कारण विकतचा नेक तपासायलाही तोच लागतो. स्केल लेंग्थ म्हणजे नटपासून (हेडस्टॉककडची, तारांच्या खाचांची पट्टी) ब्रिजच्या सॅडलपर्यंतचं (ब्रिजवर तार टेकते तो तुकडा) अंतर. फेंडरचं ६४८ मिमी, म्हणजे साडेपंचवीस इंच. प्रत्येक फ्रेट काढायला उरलेल्या लांबीला १७.८१७ ने भागायचं: ६४८ भागिले १७.८१७ म्हणजे ३६.३७, हा पहिला फ्रेट नटपासून. मग उरलेल्या ६११.६३ ला पुन्हा भागायचं, असं पुढे. बाराव्याला बरोबर निम्म्यावर येता, ३२४ मिमी.

म्हणून नेक हातात आला की नटची फिंगरबोर्डकडची कड ते बाराव्या फ्रेटचा मध्य एवढं मोजा आणि दुप्पट करा. जाहिरातीत काही लिहिलेलं असो, ती दुप्पट हीच तुमची स्केल लेंग्थ. शिवाय नेकच्या बुडाची रुंदी, जाडी, कोपऱ्यांचा गोलवा हे तीन-तीन ठिकाणी मोजून लिहून ठेवा. रुंदी साधारण ५६ मिमी आणि फिंगरबोर्ड धरून जाडी २५ मिमीच्या आसपास असते, पण आसपास म्हणजे नक्की किती ते तुमचा कॅलिपर सांगेल.

३. बाकीचं सामान हातात घेऊन मोजा

ब्रिज साधा हार्डटेल, म्हणजे न हलणारा, घ्या. ट्यून-ओ-मॅटिक, म्हणजे दोन खांबांवर उभा असतो तो, दिसायला भारी दिसतो पण तो उंच असतो, त्याला नेक मागे कललेला लागतो. सपाट बॉडी, सरळ नेक आणि वर ट्यून-ओ-मॅटिक असं केलं की तारा फिंगरबोर्डच्या इतक्या वर राहतात की वाजवणं मुश्कील. हा सापळा फार जणांना पकडतो.

उंचीचं गणित एकदा कागदावर करा. नेकचं बूड २५.४ मिमी जाड, नेकचा खड्डा १६ मिमी खोल, म्हणजे फिंगरबोर्ड बॉडीच्या वर ९.४ मिमी आला. त्यावर फ्रेट एक मिमी, झाले १०.४. बाराव्या फ्रेटवर तार दोन मिमी वर हवी असेल तर ब्रिजपाशी ती साधारण तीन-साडेतीन मिमी वर जाते. म्हणजे सॅडलवर तार बॉडीपासून साडेतेरा-चौदा मिमी उंच असणार. आता तुमच्या ब्रिजचं सॅडल कमीत कमी किती आणि जास्तीत जास्त किती उंच होतं ते मोजा, हा आकडा त्या दोघांच्या मध्ये आला पाहिजे, अगदी टोकाला आला तर खड्ड्याची खोली बदला. कागदावर बदलणं फुकट आहे.

पॉट घेताना: सिंगल कॉइल (एका गुंडाळीचा) पिकअप असेल तर २५० के, हंबकर (दोन गुंडाळ्यांचा) असेल तर ५०० के. व्हॉल्यूमला शक्यतो लॉग टेपर घ्या, आपल्याकडे मिळणाऱ्या बहुतेक पॉटवर त्याची खूण ए असते, बी म्हणजे लिनिअर. रेडिओ-टीव्हीच्या सुट्या भागांच्या दुकानात विचारलंत तर बहुतेक वेळा बी हातात पडतो, उलटून बघा. दांडीची जाडीही मोजा, इंची पॉटला साडेनऊ मिमीचं भोक लागतं, छोट्या पॉटला सात-आठ.

ट्यूनरचंही तसंच, बंद डब्यावाल्याला नेकमध्ये १० मिमीचं भोक, जुन्या पद्धतीच्याला कमी. नेक आणि ट्यूनर वेगवेगळ्या ठिकाणून घेताय तर हे जुळतंय का ते आधी बघा.

४. लाकूड

लातीत, म्हणजे लाकडाच्या वखारीत, जाऊन "भाई, लाकडू सुकूं छे?" विचारलं तर उत्तर कायम "एकदम सुकूं" असंच येतं. बोलणाऱ्याच्या मते ते खरंही असतं, दाराच्या चौकटीसाठी जेवढं सुकं लागतं तेवढं ते असतं. गिटारला त्याहून सुकं लागतं. ओलावा मोजायचं छोटं मीटर मिळतं, १२ टक्क्यांच्या खाली असेल तर घ्या, ८-१० असेल तर फारच छान. मीटर नसेल तर लाकूड आणून घरात, उन्हात नाही, पंख्याच्या हवेत पट्ट्यांवर आडवं ठेवा आणि दर आठवड्याला वजन करा. वजन उतरायचं थांबलं की लाकूड घरच्या हवेला आलं.

कुठलं लाकूड? परदेशी लेखांत अल्डर, अ‍ॅश, बासवुड लिहिलेलं असतं, त्याच्या मागे लागू नका. आपल्याकडे तून मिळालं तर बघा, महोगनीच्याच कुळातलं आहे, हलकं आहे, आणि सतार-तंबोऱ्याला पूर्वापार वापरलं जातं, मिरजेच्या कारागिरांना विचारा. महोगनी म्हणून जे विकतात त्यात चार वेगवेगळी लाकडं असतात, नावापेक्षा वजन बघा. टेलीच्या आकाराच्या बॉडीत अंदाजे चार लिटर लाकूड असतं, त्यामुळे घनता घनमीटरला ५५० किलो असेल तर बॉडी सव्वादोन किलोच्या आत बसते, सागवानात अडीचच्या पुढे, आणि शिसवाची केली तर तीन किलो पार. त्यावर नेक आणि लोखंड. दोन तास गळ्यात अडकवून उभं राहायचंय हे लक्षात ठेवून निवडा. शिसव फिंगरबोर्डला ठेवा, तिथे ते जगात भारी आहे.

सागवान वापरायचं असेल तर बडोद्यात एक चांगली सोय आहे, जुने वाडे आणि पोळातली (जुन्या गल्ल्यांतली) घरं उतरवतात तेव्हा निघालेलं जुनं सागवान. पन्नास-साठ वर्षं सुकलेलं, आता हलणार नाही. दोन गोष्टी मात्र. एक, त्यात खिळे असतात, मोडून आत राहिलेलेही, लोहचुंबक फिरवून प्रत्येक काळा डाग तपासा, नाहीतर सीएनसीवाल्याचा कटर तुटेल आणि पुन्हा तो तुमचं काम घेणार नाही. दोन, सागवान तेलकट असतं, फेविकॉल लावायच्या आधी जोडाची कड ताजी रंधून अ‍ॅसिटोनने पुसा आणि लगेच चिकटवा.

साइज: दोन इंच जाड, जोडून साधारण १४ बाय १८ इंच. एका फळीत एवढी रुंदी मिळत नाही, दोन किंवा तीन तुकडे कडेला कड जोडून करा, जोड मधोमध आला तर सेंटर लाइन आयतीच मिळते. क्लॅम्प लावून एक दिवस हात लावायचा नाही. मग मिस्त्रीकडून थिकनेसरवर ४५ मिमीला दोन्ही बाजू सपाट करून घ्या, मशीनवर जाणारी फळी वाकडी असेल तर पुढचं सगळं वाकडं.

५. ड्रॉइंग

फ्यूजनचं (आधीचं नाव फ्यूजन ३६०) घरगुती वापराचं लायसन्स फुकट आहे, फ्रीकॅड पूर्ण फुकट आहे, फक्त २डी पुरत असेल तर इंकस्केपमध्येही भागतं. सॉफ्टवेअर कुठलंही घ्या, पहिली रेघ सेंटर लाइन. सगळं तिच्यावरून मोजायचं: नेकचा खड्डा, पिकअप, ब्रिज, स्क्रू.

मग नटची रेघ टाका, तिथून ६४८ वर, किंवा तुमची जी निघाली तिथे, दुसरी रेघ. ब्रिज कसा बसवायचा हे नीट वाचा, कारण गिटार बेसूर निघते ती इथे. बारीक ई तारेचं सॅडल जवळजवळ पूर्ण पुढे घेऊन त्या ६४८ च्या रेघेवर आलं पाहिजे, म्हणजे बाकीच्या तारांना मागे सरकायला जागा राहते. जाड ई तारेला साधारण तीन-चार मिमी जास्त लांबी लागते. सॅडल मधोमध ठेवून ब्रिज बसवलात तर जाड तारेला मागे जागाच उरत नाही.

खड्ड्यांचं: कोपऱ्यात कटरच्या निम्म्याएवढा गोलवा येणारच, ६ मिमीच्या कटरने ३ मिमी. नेकच्या बुडाचे कोपरे त्याहून धारदार असतील तर खड्ड्याच्या कोपऱ्यात पटाशी चालवायची तयारी ठेवा. रुंदी नेकच्या मापापेक्षा एक दशांश मिमी जास्त ठेवा, जास्त नको. नेक खड्ड्यात दाबून बसवला आणि बॉडी उचलली तर नेकसकट उचलली गेली पाहिजे, स्क्रूशिवाय.

मागच्या बाजूच्या कंट्रोलच्या खड्ड्यात वर ५-६ मिमी लाकूड शिल्लक ठेवा, त्याहून जाड ठेवलं तर पॉटचे आटे बाहेर येत नाहीत आणि नट लागत नाही. पिकअपच्या खड्ड्यांना वीसेक मिमी खोली पुरते. आणि वायर जायचे बोगदे, पिकअपपासून कंट्रोलपर्यंत, कंट्रोलपासून जॅकपर्यंत, आणि ब्रिजखालपासून कंट्रोलपर्यंत ग्राउंडच्या वायरसाठी एक बारीक भोक. हे शेवटचं सगळे विसरतात. जॅकचं भोक आणि तिरके बोगदे मशीनवर होत नाहीत, लांब ड्रिल बिटने हाताने करायचे, पण ड्रॉइंगमध्ये दाखवा म्हणजे कुठे आडवे येणार ते कळतं.

झालं की एकास एक प्रिंट काढा, पुठ्ठ्यावर चिकटवा, कापा, त्यावर ब्रिज, पिकअप, नेक प्रत्यक्ष ठेवून बघा. नेकपासून ब्रिजपर्यंत दोन्ही ई तारांच्या जागी दोरा ताणा. दोरा फिंगरबोर्डच्या दोन्ही कडांपासून सारख्या अंतरावर आणि पिकअपच्या खिळ्यांवरून जातोय का बघा. जात नसेल तर पुठ्ठाच वाया गेला.

६. सीएनसीवाला गाठणं

मकरपुरा जीआयडीसीत जाऊन नुसतं "सीएनसी" विचारलंत तर बहुतेक लोखंड कापणारे भेटतील, त्यांचं मशीन वेगळं. आपल्याला हवा तो लाकडाचा राउटर, दारावरचं नक्षीकाम, देव्हारे, एमडीएफच्या जाळ्या कापणारा. त्यांच्याकडे सहसा १३२५ म्हणतात ते मशीन असतं, टेबल १३०० बाय २५०० मिमी, आपल्याला त्याचा एक कोपरा पुरतो. घरगुती ३०१८ मशीन कुणाकडे असेल तर बॉडी त्यात मावत नाही, तिचा प्रवासच ३०० बाय १८० चा आहे.

गिटारचं काम त्यांना नवीन असतं, त्यामुळे आधी फोनवर भाव विचारू नका, पुठ्ठा घेऊन समोर जा. दुपारी, जाळ्यांचे ऑर्डर निघून गेल्यावर. आणि हे विचारा:

- फाइल कुठली चालते? बहुतेक डीएक्सएफ घेतात आणि टूलपाथ (कटरचा मार्ग) स्वतः आर्टकॅम किंवा अस्पायरमध्ये बनवतात. तुमचा जी-कोड (मशीनच्या आज्ञांची फाइल) त्यांच्या कंट्रोलरला चालेलच असं नाही.
- ६ मिमीच्या कटरची धार किती लांब आहे? एमडीएफवाल्यांकडे १८ मिमीच्या फळीसाठीचे कटर असतात, धार वीस-बावीस मिमी. ४५ मिमीची फळी एका बाजूने कापायला गेलात तर कटरची दांडी लाकडावर घासते आणि जळते. लांब कटर तुम्ही आणून द्या, किंवा दोन्ही बाजूंनी निम्मं-निम्मं कापा.
- तासावर घेणार की कामावर? पहिल्या वेळेला कामावर ठरवा.

फाइल दिल्यावर त्यांच्या स्क्रीनवर बॉडीची लांबी तुमच्या डोळ्यांनी बघा. इंच आणि मिमीची गडबड झाली तर आकार २५.४ पटीने बदलतो, तो कळतो, पण प्रिंटला बसवताना कुणी ९७ टक्के केलेलं असेल तर तो नजरेला कळत नाही. ड्रॉइंगमध्ये एका कोपऱ्यात बरोबर १०० मिमीचा चौकोन टाका, तो मोजला की शंका संपते.

७. कटिंगचा दिवस

तुम्ही तिथे थांबा. फाइल देऊन घरी येऊ नका.

आधी एमडीएफवर फक्त नेकचा खड्डा आणि एक पिकअप कापून घ्या, दहा मिनिटांचं काम. नेक घालून बघा. सैल किंवा घट्ट असेल तर इथेच दुरुस्त होतं.

दोन बाजूंनी कापायचं तर पलटल्यावर जागा तीच राहिली पाहिजे. त्यासाठी सेंटर लाइनवर, बॉडीच्या आकाराच्या बाहेर, दोन टोकांना ८ मिमीची दोन भोकं आरपार, खाली टेबलावरच्या एमडीएफमध्येही. त्यात लाकडी खुंट्या घाला. वरची बाजू झाली की फळी सेंटर लाइनवर पलटायची आणि त्याच खुंट्यांवर बसवायची. इथे झेडचा (उंचीचा) शून्य फळीच्या वरून न घेता टेबलावरून घ्या असं ऑपरेटरला सांगा, नाहीतर फळी पाव मिमी जाड-पातळ असली तरी दोन्ही बाजूंच्या कापात पायरी दिसते. चांगला ऑपरेटर कटरखाली कागदाचा कपटा ठेवून तो हलवत हलवत स्पिंडल खाली आणतो, कपटा अडकला की थांबतो. तो हे घाईत करत असेल तर चहा मागवा.

आकडे सुरुवातीला असे ठेवा: ६ मिमी, दोन धारांचा कटर, १८,००० फेरे, फीड २००० मिमी दर मिनिटाला, एका फेरीत ३ मिमी खोली. सागवान किंवा शिसव असेल तर खोली दोनवर आणा. भुशाकडे लक्ष द्या, खोबऱ्याच्या किसासारखा पडत असेल तर बरोबर चाललंय, पिठासारखा आणि करपट वास येत असेल तर कटर बोथट आहे किंवा फीड कमी आहे. बाहेरची कड कापताना चार-पाच ठिकाणी टॅब, म्हणजे न कापलेले छोटे पूल, सोडायला सांगा, तीन मिमी जाडीचे, नाहीतर शेवटच्या फेरीत बॉडी सुटून कटरवर आदळते. शिंगांच्या (बॉडीचा नेकजवळचा टोकदार भाग) टोकाला, जिथे लाकडाचा तंतू आडवा कापला जातो, तिथे चिरफळ्या निघतात. तिथे आधी अर्धा मिमी सोडून कापायचं आणि शेवटची फेरी बारीक घ्यायची.

आधी खड्डे, मग भोकं, बाहेरचा आकार सगळ्यात शेवटी. हा क्रम उलटा करू देऊ नका.

८. घासकाम

टॅब करवतीने कापा, कड कानसने सरळ करा. कडांना ३ मिमीचा गोलवा हातराउटरने द्या, कुणाकडे नसेल तर पॉलिश पेपरनेही होतो, हात दुखतात एवढंच. पेपर १२० पासून सुरू, मग १८०, २४०, ३२०. सपाट भागावर पेपर लाकडी ठोकळ्याला गुंडाळून, बोटांनी घासलंत तर लाटा पडतात आणि त्या आता दिसत नाहीत, चकचकीत पॉलिशखाली दिसतात.

१८० नंतर ओल्या फडक्याने एकदा पुसा, तंतू उभे राहतील, वाळू द्या, मग २४०. आणि ट्यूबलाइट आडवी धरून, बॉडी तिरकी करून बघत जा, कटरच्या खुणा तशाच दिसतात.

९. फिनिश

सगळ्यात जास्त गिटारी इथे बिघडतात, आणि कारण बहुतेक वेळा एकच, घाई. दुसरं कारण पावसाळा. जुलै-ऑगस्टमध्ये बडोद्याच्या हवेत एनसी (नायट्रोसेल्युलोज) लॅकर मारला तर थिनर उडताना पृष्ठभाग गार होतो, हवेतलं पाणी त्यावर बसतं आणि पांढरट ढग तयार होतात. नवरात्र होऊन गेली की सुरुवात करा, दिवाळी ते होळी हा उत्तम काळ. उत्तरायणच्या, म्हणजे पतंगांच्या, दोन-चार दिवसांत मात्र गच्चीवर काही वाळत घालू नका, वरून काय येऊन पडेल सांगता येत नाही.

पर्याय तीन.

तेल: घरात करण्यासारखं हेच. डॅनिश ऑइल किंवा उकळलेलं जवसाचं तेल, कापडाने पातळ चोळायचं, पंधरा मिनिटांनी उरलेलं पुसायचं, दुसऱ्या दिवशी परत, असे पाच-सहा हात. काच होत नाही पण हाताला लाकूड लागतं. जवसाच्या तेलाचे बोळे चुरगळून डब्यात टाकू नका, ते वाळताना तापतात आणि आपोआप पेट घेतात. पाण्यात बुडवा किंवा दोरीवर सुटे वाळत घाला. हे भीती घालायला सांगत नाहीये, खरंच आग लागते.

चपडी: फ्रेंच पॉलिश करणारा जुना कारागीर ओळखीचा असेल तर त्याच्याकडून करून घ्या. लाखेचं काम आपल्या बाजूला परकं नाही, संखेड्याचं फर्निचर त्यावरच उभं आहे. दिसतं सुंदर, पण घामाला आणि उष्णतेला नाजूक.

पीयू (पॉलियुरेथेन): चकचकीत, कडक, टिकाऊ. बेस, हार्डनर, थिनर असे तीन डबे येतात, प्रमाण डब्यावर लिहिलेलं तेच पाळा, हार्डनर जास्त टाकला म्हणजे लवकर वाळेल असं नसतं. हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं, फुप्फुसांना वाईट, त्यामुळे गॅसचे कार्ट्रिज असलेला मास्क असल्याशिवाय फवारू नका. त्यापेक्षा गाड्यांचं डेंटिंग-पेंटिंग करणाऱ्याला द्या, त्याच्याकडे गन, कॉम्प्रेसर, बूथ सगळं असतं. फक्त त्याला आधी सांगा की पत्र्यावर मारतो तशी लांबी (पुट्टी) यावर थापायची नाही.

महोगनी, तून, सागवान सगळ्यांना छिद्रं असतात, पीयूआधी ग्रेन फिलर आडवा चोळून भरा, नाहीतर महिन्याभरात फिनिश त्यात बसतं आणि टिंबं टिंबं दिसतात. मग सीलर, ३२० ने घासणं, मग वरचे तीन-चार हात. नेकच्या खड्ड्यात मास्किंग टेप लावायला विसरू नका. एक दशांश मिमीची जागा ठेवली होतीत ना, पीयूचा थर तेवढा सहज असतो, मग नेक आत जात नाही आणि जोर लावला की कडेला तडा जातो.

शेवटचा हात मारल्यावर किमान आठवडा हात लावायचा नाही, एनसी असेल तर तीन-चार आठवडे. मग १००० आणि २००० चा पेपर पाण्यात भिजवून, त्यावर गाडीचं रबिंग कंपाउंड. कडांवर हात हलका, तिथला थर सगळ्यात पातळ असतो.

१०. वायरिंग

खड्ड्यांना आतून तांब्याची चिकटपट्टी लावा, तुकडे एकमेकांवर चढवून, आणि ती ग्राउंडला जोडा. पिकअपची गरम (सिग्नलची) वायर व्हॉल्यूमच्या एका टोकाच्या पायावर, मधला पाय जॅककडे, दुसरं टोक पॉटच्या पाठीवर सोल्डर. टोनचा कॅपॅसिटर हंबकरला ०.०२२, सिंगल कॉइलला ०.०४७ मायक्रोफॅरड. पॉटच्या पाठीवर सोल्डर धरत नसेल तर आधी तिथे पेपर मारा.

ब्रिजखालची ग्राउंडची वायर म्हटलं होतं ना, ती सोलून ब्रिजखाली दाबा. मल्टीमीटरची एक टोचणी तारेला, दुसरी जॅकच्या बाहेरच्या भागाला, बीप वाजलं पाहिजे. नाही वाजलं तर तारेला हात लावल्यावर गुणगुण कमी होत नाही, आणि लोक उगाच पिकअपला दोष देतात.

११. तारा आणि सेटअप

नेक बसवा, स्क्रूंना आधी भोकं पाडून आणि आट्यांना मेण लावून, सुका स्क्रू कडक लाकडात मुंडीपाशी मोडतो. तारांचा सेट ९-४२ किंवा १०-४६ जाडीचा. सुरात आणा, रात्रभर तशीच ठेवा, मग सेटअप. क्रम बदलू नका:

आधी नेकचा रिलीफ, म्हणजे किंचित बाक. जाड ई तार पहिल्या फ्रेटला आणि नेक बॉडीला मिळतो तिथे दाबून धरा, सातव्या-आठव्या फ्रेटपाशी तार आणि फ्रेटमध्ये ०.२ ते ०.३ मिमी फट हवी. जास्त असेल तर ट्रस रॉड घड्याळाच्या दिशेने पाव फेरा, एका वेळी तेवढाच, आणि पुन्हा सूर लावून मोजायचं. रॉड कडक लागला तर थांबा, जोर लावायचा नाही.

मग उंची, बाराव्या फ्रेटवर जाड ई दोन मिमी, बारीक ई दीड-पावणेदोन. एखादा फ्रेट खडखडत असेल तर लगेच सगळ्या तारा वर उचलू नका, छोटी सरळ पट्टी तीन-तीन फ्रेटवर ठेवून डोलते का बघा, डोलली तर मधला वर आलाय. तो हलक्या हातोडीने बसतो किंवा घासावा लागतो. फ्रेटची टोकं बोटाला ओरखडत असतील तर बारीक कानस ४५ अंशात धरून दोन हात.

मग इंटोनेशन, म्हणजे नेकभर सूर बरोबर येणं. बाराव्या फ्रेटवरचा हार्मोनिक (तार न दाबता नुसती शिवून) आणि तीच तार तिथे दाबून, दोन्ही ट्यूनरवर बघा. दाबलेला सूर चढा असेल तर सॅडल मागे, उतरा असेल तर पुढे. दर वेळी पुन्हा सूर लावून. शेवटी पिकअपची उंची, तार शेवटच्या फ्रेटवर दाबून मध्ये दोन-अडीच मिमी, जाड तारांकडे थोडं खाली.

पहिला महिनाभर नेक हलतो, दोन-तीनदा रिलीफ बघावा लागेल, आणि मग पहिला पाऊस पडला की परत एकदा. ट्रस रॉडची आणि सॅडलची चावी गिटारच्या बॅगेतच ठेवा, घरात ठेवलेली चावी कार्यक्रमाच्या दिवशी सापडत नाही.